लहान मंडळी, मोठे गैरसमज

आषाढीच्या आधी काही दिवस वेळापूर ओळखू येत नाही. माळशिरसहून निघालेली माउलींची पालखी खुडूसचं रिंगण आटोपून इथे मुक्कामाला येते आणि पंढरी जवळ आल्याच्या आनंदात वारकरी गावाअलीकडच्या उतारावरून धावत सुटतात. एरवी हे गाव अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवळाचं, उसाच्या फडांचं आणि अकलूज-पंढरपूर वर्दळीचं. जिल्ह्याचं ठिकाण, सोलापूर, शंभरेक किलोमीटरवर. या टापूत ख्रिस्ती मंडळीचं काम करणारा माणूस, मग तो पाळक असो, पंच असो, संडे स्कूल घेणारी ताई असो की तरुण संघाचा दादा, बहुधा एकटा असतो. त्याच्या हाती मोबाइल असतो, आणि मोबाइलवर हजार खुर्च्यांची सभागृहं, धुराची यंत्रं, रंगीत दिवे आणि इंग्रजी-हिंदी उपदेशक. ते बघून तो स्वतःला मापतो. पुढचे बरेचसे गैरसमज या मापातूनच निघतात.

“माणसं वाढत नाहीत, म्हणजे आमचंच काहीतरी चुकतंय”

2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक साधारण 10.8 लाख होते. शंभरात पुरता एकही नाही. त्यातला मोठा वाटा मुंबई, ठाणे-वसई आणि पुण्याकडचा. मग माळशिरस तालुक्यातल्या एखाद्या प्रार्थना सभेला वीस माणसं आली, तर ती संख्या कमी कशाच्या तुलनेत?

इतिहास बघितला तर मराठी मंडळी झपाट्याने वाढली, असंही कधी घडलेलं नाही. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 साली मुंबईत उतरली. पहिली कित्येक वर्षं बाप्तिस्मे अगदी तुरळक होते. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली ती 1854 साली. मराठी माणसाच्या हाती मराठी मंडळी सोपवायला चाळीस वर्षं लागली! सोलापुरात मिशनचं ठाणं पडलं ते त्याच्याही नंतर, 1860च्या दशकात. ज्यांचे अहवाल आज अभ्यासक वाचतात, त्यांनीही ‘या वर्षी वाढ थोडी’ असंच वर्षानुवर्षं लिहून पाठवलेलं असणार.

म्हणून डोकी मोजण्याऐवजी आणखी काही मोजून बघा. किती मुलं स्वतःहून बायबल उघडतात? आजारी सभासदाकडे पाळकाशिवाय दुसरं कोण जातं? दहावीच्या निकालानंतर किती घरांतून तुम्हाला फोन आला?

“टाळ-मृदंग, कीर्तन आणलं की श्रद्धेत भेसळ होते”

हा गैरसमज दोन्ही टोकांना आहे. जुन्यांपैकी काहींना वाटतं, ढोलकी वाजली की देऊळ झालं. तरुणांना वाटतं, गिटार आणि ड्रमसेट असल्याशिवाय उपासना जिवंत होत नाही. दोघांनाही आपल्याच घरातला इतिहास कुणी सांगितलेला नसतो.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला. त्याने लिहिलेलं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं. आदामापासून ख्रिस्तापर्यंतची कथा, सुमारे अकरा हजार ओव्यांत. ओवी हा प्रकार त्याने निवडला, कारण साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांच्या कानाला तोच ओळखीचा होता. पुढे एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. ख्रिस्ती बुवा उभा राहतो, मागे टाळ-मृदंगाची साथ आणि आख्यान उधळ्या पुत्राचं, हे तेव्हाच्या परदेशी मिशनऱ्यांनाही चमत्कारिक वाटलं असेल. पण गावोगावी लोक थांबून ऐकत.

आणि मग नारायण वामन टिळक. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते उघड सांगत. त्यांची भजनं आज ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात ढिगाने आहेत आणि मराठी चर्चमध्ये दर रविवारी गायली जातात. 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, अशी त्यामागची कल्पना. दोनच वर्षांनी, मे 1919 मध्ये ते वारले आणि दरबार फार फोफावला नाही. तरी त्यांची पदं राहिली.

आता वेळापूर बघा. पालखीमार्गावर वाढलेल्या पोराच्या कानात अभंगाची चाल जन्मापासून असते. त्याला हार्मोनियम, पखवाज, चिपळ्या वाजवायला लावण्यात बिचकण्यासारखं काय आहे? माझा स्पष्ट सल्ला: महिन्याला टिळकांचं एकच पद घ्या, त्याचा अर्थ नीट समजावा, चाल मुलांना बसवू द्या. गिटार वाजवणारा असेल तर त्याला त्यातच घ्या. यूट्यूबवरची हिंदी गाणी गाऊ नका, असं मी म्हणत नाही. पण मुलाला ती पाठ आहेत आणि आजोबांचं भजन येत नाही, अशी स्थिती असेल तर ते काम तुमचं राहिलेलं आहे.

“बायबल कॉलेज केल्याशिवाय पुढारीपण कसं करायचं?”

शिक्षण मिळत असेल तर जरूर घ्या, त्यात वाद नाही. मात्र नारायण वामनांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. टिळक ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला 1900 साली. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केलं आणि दहा-साडेदहा अध्यायांवर सोडलं. पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र तर सगळ्या मराठीला ठाऊक आहे.

जाता जाता हेही लक्षात घ्या, की घरातली माणसं आपल्या वेगाने आली नाहीत म्हणून टिळकांना कुणी अपात्र ठरवलं नाही. ‘घरचेच येत नाहीत, मी दुसऱ्यांना काय सांगू’ म्हणून हातपाय गाळणारे कार्यकर्ते मी खूप पाहिले आहेत.

बायकांना आणि मुलींना पुढे बसवणं ही नवी टूम आहे, असं म्हणणाऱ्यांनी केडगावचं मुक्ती मिशन आठवावं. 1905 साली पंडिता रमाबाईंच्या तिथल्या जागृतीत पुढे होत्या त्या तरुण मुलीच. प्रार्थना करणाऱ्या मुलींचे जथे तिथून आसपासच्या गावांत जात.

“चर्चमधली गोष्ट चर्चमध्येच मिटवावी”

हे मात्र घाईत सांगून चालणार नाही, कारण या एका समजुतीने मुलांचं आयुष्य जातं आणि मंडळीची अब्रूही शेवटी वाचत नाही.

मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असेल, किंवा तसा धोका जाणवत असेल, तर 2012च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. वय अठराच्या आत असलं की कायदा लागू, मुलगा असो वा मुलगी. पाळक, पंच, संडे स्कूलची शिक्षिका, कुणालाही सूट नाही. न कळवणाऱ्याला कलम 21 खाली शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडवलं तर ती आणखी जास्त, एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. धार्मिक संस्थेतल्या व्यवस्थापकाने किंवा सेवकाने त्या संस्थेतल्या मुलावर अत्याचार केला तर कायदा तो जास्त गंभीर गुन्हा धरतो. उलट, प्रामाणिक हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. तक्रार वेळापूरच्या पोलीस ठाण्यातही देता येते, 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकावरही मदत मिळते.

मूल तुमच्याकडे येऊन काही सांगू लागलं तर ऐका. उलटतपासणी करू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख घालून लिहून ठेवा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून, मुलासमोर बसवून, प्रार्थना करून ‘क्षमा करा’ म्हणायला लावणं हा तर दुसरा अत्याचार झाला. क्षमा हा विश्वासाचा विषय आहे आणि तिची वेळ ते मूल ठरवेल. तपास पोलिसांचा आहे. मुलाचं नाव प्रार्थनेच्या विनंतीतही बाहेर फोडायचं नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच.

त्याआधी करण्यासारखं बरंच आहे. वर्गात दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं. शिबिरात मुला-मुलींची झोपण्याची सोय वेगळी, आणि मोठ्यांची त्याहून वेगळी. एकट्या मुलीला गाडीवर मागे बसवून घरी सोडायला जाऊ नये, हेतू कितीही चांगला असला तरी. रात्री अकराला ‘काय करतेस’ असे मेसेज नकोत. मुलांचा ग्रुप केला तर त्यात पालक हवेत. हे नियम कागदावर लिहून सगळ्या आईबापांना वाचून दाखवा. गावात याने विश्वास कमी होत नाही, वाढतो.

याला जोडूनच एक. सुट्टीतल्या बायबल शाळेला, म्हणजे व्हीबीएसला, शेजारच्या इतर धर्मांच्या घरांतली मुलं येतात. त्यांच्या पालकांची लेखी परवानगी घ्या, काय शिकवणार ते आधी सांगा, आणि खाऊ, वह्या, शिकवणी यांच्या बदल्यात कसलीही अट घालू नका. संविधानाचं कलम 25 धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि प्रसाराचं स्वातंत्र्य देतं, तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. लपूनछपून केलेलं चांगलं कामही संशयाला जागा देतं.

“तरुण उदास आहे, म्हणजे त्याची प्रार्थना कमी पडतेय”

एलिया संदेष्टा रानात झाडाखाली मरण मागत बसला, ती गोष्ट पहिल्या राजे पुस्तकात आहे. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, भाकरी-पाणी दिलं, परत झोपू दिलं. ज्याला दोन आठवडे झोप नाही, खाणं तुटलंय, जगण्यात अर्थ नाही असं जो बोलतोय, त्याच्यासाठी प्रार्थना कराच. पण त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरकडे न्या. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं.

“पोरं पुण्याला गेली की मंडळी संपली”

ती जाणारच. कॉलेज, नोकरी, नर्सिंग सगळं तिकडे आहे. अपयश आहे ते त्यांना रिकाम्या हाताने पाठवण्यात. जाणाऱ्याबरोबर मंडळीच्या बदलीचं पत्र द्या, तिकडच्या पाळकाला स्वतः फोन करा, पहिल्या महिन्यात एकदा खुशाली विचारा. नर्सरीतलं रोप दुसऱ्याच्या वावरात लावलं म्हणून नर्सरीवाला रडत बसत नाही.

“देवाचं काम आहे, हिशेब कशाला?”

थोडक्यात सांगतो. मंडळीची जागा, इमारत, दानार्पण असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 लागू होतो: धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी हिशेब तपासणी, विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज. दानपेटी दोघांनी मोजावी, दोघांनी सही करावी.

परदेशातल्या पैशाबद्दल फार गोंधळ आहे. अमेरिकेतल्या चर्चने किंवा तिथलं नागरिकत्व घेतलेल्या आपल्याच मराठी नातलगाने पाठवलेला पैसा मंडळीने एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालच्या, परवानगीशिवाय घेणं गुन्हा आहे, मग तो पाळकाच्या खासगी खात्यावर का येईना. परवानगी असली तरी 2020च्या दुरुस्तीनंतर तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो आणि एका संस्थेने दुसरीला वाटता येत नाही. मात्र दुबईत राबणारा, भारतीय पासपोर्ट असलेला पोरगा आपल्या कमाईतून नेहमीच्या बँकेमार्फत दान पाठवतो, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. शंका असेल तर चार्टर्ड अकाउंटंटला विचारा. ‘एका भावाने सांगितलं’ यावर जाऊ नका.

“मी थांबलो तर सगळं थांबेल”

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसला होता. सासऱ्याने, इथ्रोने, बघून सांगितलं, तूही झिजशील आणि हे लोकही. कामं वाटून दे. निर्गमाच्या अठराव्या अध्यायातला हा सल्ला आपल्याकडे प्रवचनात दहा वेळा येतो आणि सोमवारपासून सगळं परत एकाच माणसाच्या गळ्यात.

एका वहीपासून सुरुवात करा. मुलांची नावं, पालकांचे नंबर, कुणाला कसली ॲलर्जी, पेटीची किल्ली कुणाकडे, मृदंग कुणी नेला, पुढच्या तीन रविवारी धडा कुणाचा. वही दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा. मग एक रविवार ठरवून बाहेरगावी जा आणि त्या दिवशी फोन करून विचारू नका. अठरा-वीस वर्षांच्या मुलीने धडा घेतला आणि तो फसला, तरी पुढच्या महिन्यात तिलाच परत द्या.