शितावरून भाताची परीक्षा... पण नेहमीच?

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपण पदर खोचायला लागल्यापासून ऐकतो. भाताच्या बाबतीत ती शंभर टक्के खरी आहे. एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर सगळी शितं शिजतात. त्यामुळे एक दाबून बघितलं की बाकीच्यांचं कळतं. माणसांना मात्र आपण हीच म्हण लावतो आणि तिथे फसगत होते. ही गोष्ट मला आकडेमोडीसकट पटवून दिली ती माझ्या सतरा वर्षांच्या भाचीनं आणि तीही चक्क बेसबॉलमधून!

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिच्या लेकीला बेसबॉलचं भारी वेड. शाळेतल्या दहा जणींचा त्यांचा एक ‘फँटसी’ खेळ चालतो. म्हणजे काय, तर खऱ्या संघांतले खरे खेळाडू निवडून प्रत्येकीनं कागदावर आपला संघ बांधायचा. मैदानात ते खेळाडू जे करतील, त्याचे गुण आपल्या खात्यात जमा. यात पैसे लावायचे नाहीत, हरणारीनं सगळ्यांना आइस्क्रीम द्यायचं. हा खेळ आजच्या रूपात सुरू झाला १९८० मध्ये. डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखक-संपादकानं मित्रांना जमवून तो मांडला आणि न्यूयॉर्कमधल्या ज्या रेस्टॉरंटमध्ये ही मंडळी भेटायची, त्याच्या नावावरून त्याला ‘रोटिसरी’ म्हणू लागले.

एका सप्टेंबरात मी बहिणीकडे होते, तेव्हा भाची डोक्याला हात लावून बसलेली. तिच्यापुढे प्रश्न होता रिलीफ पिचरचा. बेसबॉलमध्ये चेंडू फेकतो तो पिचर. सामना नऊ इनिंगचा. सुरुवातीचा पिचर दमला, की मदतीला येतो तो रिलीफ पिचर. त्यातही अगदी शेवटच्या इनिंगला आघाडी राखायला येतो त्याला म्हणतात ‘क्लोजर’. आणि हंगाम तरी केवढा! मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघाचे १६२ सामने. शेवटचे दोन आठवडे उरले होते आणि हिला ठरवायचं होतं, जुना पिचर ठेवायचा की त्याला काढून नवा घ्यायचा?

नावं बाजूला ठेवू, हिशेबापुरते गोल आकडे घेऊ. पिचर मोजायचं मुख्य माप म्हणजे ‘ईआरए’. नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर किती धावा पडल्या, ते. जितका कमी तितका चांगला. जुन्या पिचरनं हंगामभरात ६० इनिंग टाकल्या, धावा दिल्या २०, म्हणजे ईआरए ३.००. पण त्याच्या शेवटच्या दहा इनिंगमध्ये सहा धावा गेल्या, ईआरए ५.४०! नव्यानं दहा इनिंगमध्ये एकच धाव दिली, ईआरए ०.९०.

“अगं, यात विचार कसला करायचा? नवाच घे की!” मी म्हटलं.

“मावशी, थांब,” म्हणाली. “दहा इनिंग म्हणजे किती गं? त्या सहातल्या चार धावा एकाच बॉलवर गेल्यात.”

बेसवर तिघं उभे असताना फलंदाजानं होमरन मारला, की एका फटक्यात चार धावा होतात. तो एक चेंडू वजा केला, तर त्याच पिचरचा ईआरए १.८० वर येतो. सुरुवातीचा पिचर हंगामात दीडशे-पावणेदोनशे इनिंग टाकतो, त्याची एक वाईट रात्र त्यात विरघळून जाते. रिलीफ पिचरच्या वाट्याला जेमतेम साठ-सत्तर येतात. चिमूटभर मीठ घागरीत पडलं तर कळत नाही, वाटीत पडलं तर तोंड वाकडं होतं, तसंच हे.

मग बघायचं काय? भाचीचा पहिला नियम असा, की जे पिचरच्या स्वतःच्या हातात आहे ते आधी बघायचं. फलंदाजाला चेंडू न लागू देता बाद करणं म्हणजे ‘स्ट्राइकआउट’. भरकटलेले चार चेंडू टाकून त्याला फुकट बेस देणं म्हणजे ‘वॉक’. जुन्यानं त्याच दहा इनिंगमध्ये १४ स्ट्राइकआउट केले होते आणि वॉक फक्त दोन. नव्याचे स्ट्राइकआउट पाच, वॉक सहा. दहा इनिंग म्हणजे तीस बळी. त्यातले पाच त्यानं घेतले, उरलेले पंचवीस मागे उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकांनी! फलंदाजानं टोलवलेला चेंडू कुणाच्या हातात जाईल की मधून निसटेल, यावर पिचरचा ताबा फार कमी असतो, हे व्होरोस मॅकक्रॅकन नावाच्या अभ्यासकानं २००१ मध्ये मांडलं. होमरन सोडले, तर टोलवलेल्या शंभर चेंडूंपैकी साधारण तीस निसटतात. कुणाचे दोन आठवडे दहाच निसटले, तर त्याचं कर्तृत्व म्हणायचं की नशीब? पुढच्या आठवड्यात नशीब फिरलं की ०.९० चे चार व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा नियम, कामाची संधी कुणाला मिळते ते बघायचं. आघाडी तीन धावांची किंवा त्याहून कमी असताना येऊन, निदान एक इनिंग टाकून ज्यानं सामना जिंकून संपवला, त्याला ‘सेव्ह’ मिळतो, हा त्याचा नेहमीचा नियम. शिकागोचे पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांची ही कल्पना, १९६९ पासून ती अधिकृत झाली. गंमत बघा, तीन धावांची आघाडी हातात असताना दोन धावा देऊनही सेव्ह मिळतोच! आणि सातव्या इनिंगला, तिन्ही बेस भरलेले असताना येऊन ज्यानं संघाला वाचवलं, त्याला सेव्ह मिळत नाही. पुरण वाटणारी एक आणि पंगतीत वाढून वाहवा घेणारी दुसरी, हे आपल्याला नवीन नाही.

उलटंही होतं. आधीच्या पिचरनं बेसवर सोडून गेलेले खेळाडू नंतरच्याच्या चेंडूवर धावून आले, तर त्या धावा आधीच्याच्या नावावर पडतात. म्हणजे नंतरच्यानं घाण केली, तरी त्याचा ईआरए लख्ख!

तिसरा नियम, सप्टेंबर हा सप्टेंबर असतो. २०१९ पर्यंत त्या महिन्यात संघात चाळीस खेळाडूंपर्यंत घेता यायचे. २०२० पासून नियम बदलला, आता सव्वीसचे अठ्ठावीस होतात. स्पर्धेतून बाहेर पडलेले संघ नवख्या पोरांना आजमावतात, पुढे पोचलेले संघ आपल्या माणसांना विश्रांती देतात. त्यामुळे दहा चांगल्या इनिंग कुणासमोर टाकल्या, हे विचारल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. जुन्याचा चेंडूचा वेग उतरलाय का, तो दुखऱ्या खांद्यानं खेळतोय का, हेही बघायचं. ते खरं असेल तर मात्र काढायचं, उगाच माया नको!

आकडा कसा नाचवतो, याची एक गोष्ट तिनं सांगितली. २०१६ मध्ये बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटननं ६७ इनिंग टाकल्या, ईआरए अवघा ०.५४. सेव्हच्या ४७ संधी, सत्तेचाळीसही सफल. ४ ऑक्टोबरला टोरांटोत बाद फेरीचा एकमेव सामना झाला. हरलं की हंगाम संपला! सामना बरोबरीत अकराव्या इनिंगपर्यंत गेला, पण ब्रिटनला बोलावलंच नाही. शेवटी होमरन बसला आणि बाल्टिमोर घरी गेलं. ठेवणीतलं ताट ठेवणीतच राहिलं. आणि न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिव्हेरा? २००१ च्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यात, शेवटच्या इनिंगला त्याच्याच हातून आघाडी निसटली. त्या एका रात्रीवरून त्याला मोडीत काढलं असतं तर? २०१३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ६५२ सेव्ह होते आणि २०१९ मध्ये एकही मत विरोधात न जाता तो बेसबॉलच्या मानाच्या दालनात गेला. असा मान मिळालेला तो पहिलाच.

मैत्रिणींनो, हे सगळं तुम्हाला का सांगतेय? आपल्या गावागावातली पोरंही फँटसी खेळली आहेत, क्रिकेटवर, आणि पैसे लावून. आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी शिलाई मशीनसाठी काढलेलं कर्ज त्यांच्या मुलानं यात घालवलं. “मागच्या तीन मॅचला माझा अंदाज बरोबर आला होता,” एवढंच तो सांगत होता. तीन मॅच! तीन शितांवर त्यानं अख्खं पातेलं लावलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, ते बरंच झालं. पण “तीनदा जमलं, म्हणजे मला कळतं” हा भ्रम कायद्यानं जाणार नाही. तो घरात बसून, पोरांपुढे कागद-पेन्सिल ठेवूनच घालवावा लागेल.

हाच हिशेब माणसांनाही लावून बघा. नवी सून, नवा जावई, गटातली नवी सभासद, कुणाचंही माप काढण्याआधी विचारायचं : किती दिवस पाहिलंय? त्यातलं तिच्या हातातलं किती होतं? संधी कुणाला मिळाली? आमच्या गटात एका महिन्याचा हप्ता चुकला म्हणून आम्ही कुणाला शिक्का मारत नाही, वर्षाचं पासबुक उघडतो. महिन्याचं शीत कच्चं निघालं, तरी पासबुकात बहुतेक वेळा भात शिजलेला दिसतो.

भाचीनं जुना पिचर ठेवला. शेवटच्या शनिवारी त्याला पुन्हा एक होमरन बसला आणि ती दुसऱ्या नंबरवरून तिसऱ्यावर घसरली. मला वाटलं, आता रडारड. तर ही म्हणते, “मावशी, रिझल्ट वाईट आला गं, पण डिसिजन बरोबर होता. पुढच्या वर्षी पण मी असंच करणार.”

सतराव्या वर्षी हे एवढं कळलं, तर पुढे संसारात ती कुणाला एका आमटीवरून जोखणार नाही, एवढी खात्री मला वाटते.