आठ जण उरले, तरी ०-०: सेल्टिक विरुद्ध अ‍ॅटलेटिको, १९७४

ज्यांना प्रवासात इअरफोन लावून एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना जे घाईत निसटतं, ते इथे जरा नीट मांडलंय.

आजचा विषय आहे एका भांडकुदळ मॅचचा. 'भांडकुदळ मॅच' म्हटलं की आपल्या वयाचे बहुतेक जण २००६ च्या वर्ल्ड कपमधली पोर्तुगाल-नेदरलँड्स मॅच काढतात. न्युरेम्बर्गला झालेली ती मॅच, चार लाल कार्डं, सोळा पिवळी. ती आहेच भारी. पण ग्लासगोच्या सेल्टिक क्लबच्या जुन्या चाहत्यांना विचारा, ते तुम्हाला थेट १० एप्रिल १९७४ ला घेऊन जातील. पन्नास वर्षं उलटली तरी 'अ‍ॅटलेटिको' हे नाव त्यांच्याकडे शिवीसारखं उच्चारलं जातं. मला प्रश्न पडला तो असा: एवढा राग का टिकला? आणि त्याहून महत्त्वाचं, त्या दिवशी जे झालं ते नुसती गुंडगिरी होती, की त्यामागे काही हिशोब होता?

आधी स्टेज समजून घेऊ

तेव्हा चॅम्पियन्स लीग नव्हती, युरोपियन कप होता. त्यात गट वगैरे भानगड नाही. आपापल्या देशाचे विजेते आणि आधीचा युरोपियन विजेता, एवढेच संघ. पहिल्या फेरीपासून थेट बाद पद्धत, एक मॅच आपल्या घरी, एक समोरच्याच्या घरी, दोन्हींची बेरीज.

सेल्टिक हे तेव्हा मोठं नाव होतं. १९६७ मध्ये लिस्बनला इंटर मिलानला २-१ हरवून त्यांनी हा कप जिंकला होता. असं करणारा तो ब्रिटनचा पहिला क्लब. आणि गंमत म्हणजे त्या संघातले सगळेच्या सगळे खेळाडू ग्लासगोपासून साधारण ५० किलोमीटरच्या आत जन्मलेले! प्रशिक्षक होते जॉक स्टीन. आणि संघाचा लाडका होता उजव्या बाजूचा बुटका विंगर जिमी जॉन्स्टन. चेंडू पायाला चिकटवल्यासारखा घेऊन तो एकाच बचावपटूला दोनदा, तीनदा चकवायचा. २००२ मध्ये सेल्टिकच्या चाहत्यांनी क्लबचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या लाथा त्याच्याच पायाला बसणार आहेत.

समोर होता माद्रिदचा अ‍ॅटलेटिको. गोलकीपर मिगेल रेना, म्हणजे लिव्हरपूलच्या पेपे रेनाचे वडील. आणि प्रशिक्षक होते अर्जेंटिनाचे हुआन कार्लोस लोरेन्झो.

लोरेन्झो कोण, हे कळल्याशिवाय मॅच कळत नाही

१९६६ चा वर्ल्ड कप, वेम्बली, उपांत्यपूर्व सामना, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. अर्जेंटिनाचा कर्णधार रॅटिनला जर्मन रेफरीने बाहेर जायला सांगितलं आणि तो जायलाच तयार नव्हता. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, त्यामुळे मैदानावर बराच वेळ नुसता गोंधळ. मॅच संपल्यावर इंग्लंडचे प्रशिक्षक आल्फ रॅमसी यांनी अर्जेंटिनाच्या वागण्याची तुलना जनावरांशी केली, आणि ती जखम अर्जेंटिनात फार खोल गेली. त्या अर्जेंटिना संघाचे प्रशिक्षक हेच, लोरेन्झो.

याच गोंधळातून एक गोष्ट जन्माला आली जी तुम्ही आज दर मॅचला बघता. त्या वर्ल्ड कपमध्ये रेफरींचं काम बघणारे केन अ‍ॅस्टन गाडीतून जात असताना सिग्नलला थांबले आणि त्यांना सुचलं: पिवळा म्हणजे जरा सांभाळून, लाल म्हणजे थांब. भाषा कुठलीही असो, रंग सगळ्यांना कळतो. १९७० च्या वर्ल्ड कपपासून कार्डं आली.

दुसरा धागा १९६७ चा. युरोपियन कप जिंकल्यावर सेल्टिकची गाठ पडली दक्षिण अमेरिकेच्या विजेत्याशी, अर्जेंटिनाच्या रेसिंग क्लबशी. ग्लासगोला सेल्टिक १-० जिंकलं. अर्जेंटिनात मॅच सुरू होण्याआधीच सेल्टिकचा गोलकीपर रॉनी सिम्पसनला काहीतरी फेकून मारलं आणि तो खेळूच शकला नाही. रेसिंग २-१ जिंकलं. मग निकालासाठी तिसरी मॅच मॉन्टेव्हिडिओला. तिथे तर फुटबॉल कमी आणि मारामारी जास्त. सेल्टिकच्या चौघांना आणि रेसिंगच्या दोघांना बाहेर काढलं, आणि रेसिंग १-० जिंकलं. बाहेर काढलेल्यांत जॉन्स्टनही होता.

म्हणजे १९७४ मध्ये सेल्टिक पार्कवर दोन्ही बाजू कोऱ्या पाटीने आलेल्याच नव्हत्या. शिवाय १९६७ च्या रेसिंग संघातला रुबेन 'पानादेरो' डियास आता अ‍ॅटलेटिकोच्या बचावात होता.

त्या रात्री काय झालं

मैदानात सत्तर हजारांच्या आसपास माणसं. रेफरी तुर्कस्तानचे दोआन बाबाजान. शिट्टी वाजली आणि पहिल्या काही मिनिटांतच सगळ्यांना कळलं की अ‍ॅटलेटिको गोल करायला आलेलंच नाही. जॉन्स्टनला चेंडू मिळाला की लाथ. वळला की लाथ. चेंडू दुसऱ्याकडे दिला, तरी उशिरा येऊन लाथ. एक जण ताकीद घेऊन मागे सरकला की पुढच्या वेळी दुसरा यायचा.

बाबाजान यांनी ताकिदी दिल्या, नावं टिपली, आणि शेवटी बाहेर काढायला सुरुवात केली. आधी आयाला, मग डियास, मग बदली खेळाडू म्हणून आलेला किके. अकरातले तीन गेले, उरले आठ.

आणि स्कोअर? ०-०.

शेवटची शिट्टी झाल्यावर अ‍ॅटलेटिकोच्या खेळाडूंनी जिंकल्यासारखा जल्लोष केला. ते बघून मैदान खवळलं. ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्यात हाणामारी झाली, पोलिसांना मध्ये पडावं लागलं.

आठ जणांविरुद्ध गोल का नाही झाला?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला गेला. कारण साधं आहे. फाऊलने फक्त माणूस पडत नाही, वेळही पडतो. सेल्टिकचा खेळ वेगावर उभा होता: विंगवरून पळायचं, क्रॉस टाकायचा, पुन्हा पळायचं. दर मिनिटाला खेळ थांबला की तो वेग बनतच नाही. फ्री किक घेईपर्यंत समोरचे सगळे गोलपोस्टसमोर भिंत होऊन उभे. म्हणजे फाऊल हेच त्यांचं बचावाचं तंत्र होतं. जे फक्त अडवायलाच उभे आहेत ते आठ असोत की दहा, पेनल्टी बॉक्समधली गर्दी तेवढीच वाटते. त्यात लाथा खाऊन सेल्टिकच्या पोरांची डोकी तापलेली. तापलेल्या डोक्याने फिनिशिंग होत नाही.

आता हिशोब बघू

दोन मॅचच्या पद्धतीत पहिली मॅच समोरच्याच्या घरी असेल, तर तुमचं काम काय? तिथे बुडायचं नाही, एवढंच. ग्लासगोत दोन-तीन गोल खाल्ले असते तर माद्रिदला जाऊन काही उपयोग नव्हता.

०-० हा काही पूर्ण सुरक्षित निकाल नव्हता. तेव्हा बाहेरच्या गोलचा नियम होता: बेरीज सारखी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे. म्हणजे माद्रिदला १-१ झालं असतं तरी सेल्टिक फायनलला गेलं असतं. (हा नियम युएफाने २०२१ मध्ये काढून टाकला.) तरीही अ‍ॅटलेटिकोला हा सौदा मान्य होता: घरच्या मैदानावर एक मॅच, जिंकलो तर फायनल.

आणि किंमत काय मोजावी लागली? बाहेर काढलेले तिघे दुसऱ्या मॅचला नाहीत. युएफाने दंड केला. पण स्पर्धेतून बाहेर काढलं नाही. मुद्दा हाच आहे. शिक्षा खेळाडूंना झाली, क्लबच्या खिशाला झाली, पण निकालाला हात लागला नाही. एखाद्या गोष्टीचा दंड तिच्या फायद्यापेक्षा स्वस्त असेल, तर ती गोष्ट कोणीतरी करणारच. नो पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

माद्रिद, २४ एप्रिल

दोन आठवड्यांनी सेल्टिक माद्रिदला गेलं, ते भीती घेऊनच. जॉन्स्टन आणि स्टीन यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. विचार करा, तुम्ही विंगवर खेळता, लाईनला लागून पळता, आणि मागे स्टँडमध्ये हजारो लोक आहेत.

अ‍ॅटलेटिकोने यावेळी फुटबॉल खेळला. हीच गोष्ट सेल्टिकवाल्यांना जास्त बोचते, कारण त्या संघाला खेळता येत होतं! बराच वेळ ०-० राहिलं आणि शेवटच्या टप्प्यात गाराते आणि अदेलार्दो यांनी गोल केले. २-०. सेल्टिक बाहेर.

मग फळलं का?

आता फायनल ऐका. १५ मे, ब्रसेल्स, समोर बायर्न म्युनिक. एक्स्ट्रा टाइममध्ये लुइस अरागोनेसने फ्री किकवर गोल केला. हेच अरागोनेस पुढे २००८ ला स्पेनला युरो जिंकून देणारे प्रशिक्षक. कप हातात आल्यात जमा. आणि अगदी शेवटच्या क्षणी बायर्नचा बचावपटू श्वार्झेनबेक याने लांबून फटका मारला. रेनाच्या बाजूने चेंडू आत. १-१. तेव्हा फायनलला पेनल्टी शूटआउट नव्हतं, त्यामुळे दोन दिवसांनी पुन्हा मॅच, आणि बायर्न ४-० ने जिंकलं. युरोपियन कपच्या इतिहासात पुन्हा खेळवलेली ही एकमेव फायनल.

ग्लासगोत याला 'नियतीचा न्याय' म्हणतात. मला ते पटत नाही. श्वार्झेनबेकला जॉन्स्टनच्या पायाशी काही देणंघेणं नव्हतं. आणि पुढचं ऐकलंत तर न्याय वगैरे शब्द विसराल: जगज्जेतेपदाची मॅच खेळायला बायर्नने नकार दिला, त्यांच्या जागी अ‍ॅटलेटिको गेलं, आणि १९७५ मध्ये अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंटेला हरवून जगज्जेतं ठरलं. १९६७ ला सेल्टिकला न मिळालेला तोच कप!

बाबाजान यांचं काय झालं? दोन महिन्यांनी, १४ जून १९७४ ला वर्ल्ड कपमध्ये पश्चिम जर्मनी-चिली मॅचला तेच रेफरी होते. त्यांनी चिलीच्या कार्लोस कॅझेलीला लाल कार्ड दाखवलं. वर्ल्ड कपमध्ये दाखवलं गेलेलं ते पहिलंच लाल कार्ड. लोरेन्झोच्या १९६६ च्या संघामुळे ज्या कार्डांची कल्पना सुचली, ते पहिलं लाल कार्ड दाखवणारा माणूस लोरेन्झोच्याच १९७४ च्या संघाला तोंड देऊन आलेला होता.

आठवणींबद्दल एक गोष्ट

चाहते आठवण सांगताना हिशोब आपल्या बाजूने मांडतात. सेल्टिकवाले १९७४ सांगतात, पण मॉन्टेव्हिडिओला आपले चौघे बाहेर गेले हे हळू आवाजात सांगतात. तेव्हा त्यांच्याच क्लबने आपल्या खेळाडूंना दंड केला होता. अ‍ॅटलेटिकोच्या बाजूला १९७४ म्हणजे ग्लासगो नाहीच, १९७४ म्हणजे श्वार्झेनबेक. एकाच मोसमात दोन्हीकडचे लोक 'आम्हाला लुटलं' म्हणून रडतात, आणि दोघंही खरं रडतात.

पण सगळं सारखंच म्हणून सोडून देणंही मला बरोबर वाटत नाही. एका माणसाला नव्वद मिनिटं ठरवून लाथा मारल्या गेल्या. तो उठत राहिला, पुन्हा चेंडू मागत राहिला. चाहत्यांचा राग टिकलाय तो स्कोअरमुळे नाही. ज्याने खेळ केला त्याला काही मिळालं नाही आणि ज्याने खेळ थांबवला तो पुढे गेला, म्हणून टिकलाय.

ऑक्टोबर २०२३ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये हे दोन संघ सेल्टिक पार्कवर पुन्हा भेटले. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते. मॅच २-२ झाली, आणि अ‍ॅटलेटिकोच्या रॉड्रिगो डी पॉलला, म्हणजे पुन्हा एका अर्जेंटिनियन खेळाडूला, बाहेर जावं लागलं. स्टँडमध्ये काही आजोबा नक्कीच नातवाकडे वळून म्हणाले असतील, 'सांगत होतो ना?' पुढच्या महिन्यात माद्रिदला मात्र लाल कार्ड सेल्टिकच्या माएदाला मिळालं, तेही व्हीएआर बघून, आणि सेल्टिक ६-० हरलं.

आज व्हीएआर आहे, वीस कॅमेरे आहेत, पिवळी कार्डं साठत जातात. १९७४ सारखं उघड उघड करणं कठीण झालंय. पण हिशोब तोच आहे. पुढच्या वेळी एखादा संघ काउंटर अटॅक थांबवायला मिडफिल्डमध्ये शर्ट ओढून हसत हसत पिवळं कार्ड घेईल, तेव्हा बघा: तो किंमत विचारून, परवडते म्हणूनच खरेदी करतोय.

तुमच्या डोक्यात बसलेली भांडकुदळ मॅच कुठली, ते व्हॉइस नोटवर पाठवा. फक्त एक अट: आपल्या संघाचे फाऊलही सांगायचे! भेटू पुढच्या एपिसोडला.