पेनावर नाव तुमचं, पण निब कशी आहे?

मुलांनो, मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती येते आणि नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याची यात्रा सुरू होते. शहादा तालुक्यातलं, तापी नदीच्या काठचं हे गाव. इथलं एकमुखी दत्ताचं मंदिर प्रसिद्ध आहे आणि घोड्यांचा बाजार तर लांबलांबच्या राज्यांतही ठाऊक आहे. घोडा घ्यायला आलेली जाणती माणसं आधी त्याचे दात बघतात, मग खुर, मग चाल. रंगीत झूल आणि गळ्यातले घुंगरू सगळ्यात शेवटी!

आता तुम्ही म्हणाल, पेनाच्या लेखात घोडा कुठून आला? सांगतो. अशा यात्रेत किंवा तालुक्याच्या बाजारात कधी कधी एक गंमतीचा माणूस भेटतो. त्याच्यापुढे रंगीबेरंगी पेनं मांडलेली असतात. तुम्ही नाव सांगायचं, की तो थरथरत्या सुईने पेनाच्या अंगावर ते भराभर कोरतो. वर पांढरा किंवा सोनेरी रंग चोळतो, फडक्याने पुसतो, आणि नाव लखलखायला लागतं. स्वस्तातलं शाईचं पेन, पण त्यावर आपलं नाव! वर्गात दाखवायची घाई झालेली असते.

आणि मग? चार दिवसांत पेन शाई ओकायला लागतं, सदऱ्याच्या खिशावर निळा डाग पडतो, घरी बोलणी बसतात आणि पेन कंपासपेटीच्या तळाशी जातं. नाव कोरलेलं तसंच! म्हणजे आपण झूल बघितली आणि दात बघायचे राहिले.

पेनाचे दात

पेनाचे दात म्हणजे निब. निबेला मधोमध एक बारीक चीर असते. पेन उजेडाकडे धरा आणि निरखून बघा. चिरेच्या दोन्ही बाजूंची टोकं सारख्या उंचीची हवीत. एक वर, एक खाली असेल तर निब कागद खरवडणार. चीर टोकाशी फाकलेली असेल तर शाई नीट टोकापर्यंत पोचत नाही.

निबेच्या खाली असते ती जीभ. तिच्यावर बारीक खाचा असतात. खरी करामत तिचीच आहे, बरं का! पेनातली शाई खाली यायची तर तिच्या जागी तेवढी हवा वर जायला हवी. हवा गेलीच नाही तर शाई अडते, जास्त गेली तर भळकन सांडते. हा हिशेब जुन्या पेनांना जमत नव्हता. १८८४ साली अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी शाई आणि हवा दोन्हींना वाट देणाऱ्या पेनाचं पेटंट घेतलं आणि शाईचं पेन भरवशाचं झालं. आज तुमच्या स्वस्त पेनातली जीभही त्याच तत्त्वावर चालते.

दुकानात पेन घेताना निब शाईत बुडवून दोन ओळी लिहून बघायला मागा. आडवी रेघ, उभी रेघ आणि एक मोठा 'ळ'. 'ळ' मध्ये पेन सगळ्या दिशांना वळतं, त्यामुळे निबेची खोडी लगेच कळते. टोपण लावून आटे घट्ट बसतात का तेही बघा. एवढं झालं की मग खुशाल नाव कोरायला द्या.

नाव कुठे कोरायचं?

इथेही थोडी अक्कल लावावी लागते. ड्रॉपरने शाई भरायच्या पेनात शाई थेट पेनाच्या नळीतच असते. आत वेगळी पिशवी नाही की काडी नाही. अशा पेनाच्या नळीवर सुई खोल गेली, तर तिथे प्लॅस्टिक कमजोर होतं. पेन पडलं की तडा जायचा तो नेमका तिथूनच! मग शाई तुमच्या नावातूनच गळायची.

मग नाव टोपणावर कोरावं? तिथे तडा गेला तरी शाई सांडत नाही. पण वर्गात टोपणांची अदलाबदल किती होते ते तुम्हाला सांगायला नको. त्यापेक्षा नळीच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथे प्लॅस्टिक जाड असतं तिथे, छोटं नाव कोरून घ्यावं. आणि हळू हाताने कोरायला सांगावं.

नाव कोणतं? नुसतं आडनाव नको. आपल्याकडे एका वर्गात चार पाडवी आणि तीन वळवी सहज निघतात! नुसतं पहिलं नाव पुरे. जोडाक्षर असेल तर आधी कागदावर स्वच्छ लिहून दाखवा. कोरलेलं अक्षर खोडरबराने जात नाही.

पारदर्शक पेनाचा नखरा

नाव कोरण्याखेरीज दुसरा एक नखरा मुलांना आवडतो, तो पारदर्शक पेनाचा. अशी ड्रॉपरवाली पेनं आपल्याकडे पूर्वीपासून बनतात. मुंबईच्या 'वालिटी' पेनांत पारदर्शक नमुनाही निघाला. यात सजावट कंपनी करत नाही, तुम्ही करता! निळी शाई भरली की पेन निळं, हिरवी भरली की हिरवं. वर शाई किती उरली तेही दिसतं. म्हणजे हा नखरा कामाचाही आहे.

जपानच्या पायलट कंपनीने २०१३ साली 'काकुनो' नावाचं स्वस्त पेन काढलं. त्याच्या निबेवर चक्क हसरा चेहरा आहे! नवशिक्या मुलाने पेन उलटं धरलं तर चेहरा दिसत नाही. चेहरा आपल्याकडे बघून हसतोय म्हणजे निब बरोबर धरली. आहे की नाही गंमत? शोभेची वाटणारी गोष्टही अशी उपयोगाला येते.

शाईचा रंग निवडताना मात्र जपून. लाल शाई गुरुजींची आणि बाईंची. परीक्षेला निळी किंवा काळीच. आणि चित्रकलेची काळी वॉटरप्रूफ शाई पेनात कधीच भरू नका. ती आत वाळली की खाचा कायमच्या बुजतात आणि पेन फुकट जातं.

घोड्यावरून उंटावर

शाईचा विषय निघालाच आहे, तर एक मराठी गोष्ट ऐका. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी भावाबरोबर शाईची पूड आणि शाईच्या वड्या करायला सुरुवात केली. पाण्यात वडी टाकायची की शाई तयार. त्या शाईचं नाव होतं 'हॉर्स ब्रँड', म्हणजे घोडा छाप! पुढे पेनासाठी शाई आली तिच्यावर उंट आला आणि 'कॅमल' व 'इंक' मिळून 'कॅमलिन' झालं. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यातला मोठा वाटा घेतला आणि आता ती 'कोकुयो कॅमलिन' आहे. तुमच्या दप्तरातल्या रंगपेटीवर हे नाव सापडतं का बघा.

तोरणमाळच्या घाटात पेन का गळतं?

आता खरा प्रश्न. निब चांगली, आटे घट्ट, तरी पेन अधूनमधून शाई का ओकतं?

कारण आहे पेनातली हवा. भरलेल्या पेनात हवा जवळजवळ नसते. शाई अर्धी संपली की उरलेली जागा हवेने भरते. हवा तापली की पसरते आणि पसरताना पुढच्या शाईला बाहेर ढकलते.

हिशेब करून बघू. हिवाळ्यातली सकाळ आहे, पेन १५ अंशांवर गारठलेलं आहे आणि आत १ मिलिलिटर हवा आहे. तुमच्या मुठीत ती ३० अंशांपर्यंत तापली तर साधारण वीसाव्या हिश्शाने फुगते. म्हणजे ०.०५ मिलिलिटर शाई बाहेर. ती किती? बरोबर एक थेंब! वहीवर पडणारा डाग एवढाच तर असतो.

दुसरं कारण उंचीचं. समजा तुमची सहल शहाद्याहून तोरणमाळला निघाली. तोरणमाळ सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास. तापीकाठच्या सपाटीवरून तुम्ही सुमारे हजार मीटर वर चढता. वर हवेचा दाब जवळपास दहाव्या हिश्शाने कमी होतो. पेनातली हवा मात्र खालची, जास्त दाबाची. ती तेवढ्याच बेताने पसरते. आत १ मिलिलिटर हवा असेल तर सुमारे ०.१ मिलिलिटर शाई, म्हणजे दोन थेंब, टोपणात उतरतात. यशवंत तलावाशी पोचून कविता लिहायला पेन उघडलंत की बोटं निळी! विमानात बसणाऱ्यांची पेनंही याच कारणाने गळतात.

उपाय सोपे आहेत. पेन अर्धं रिकामं झालं की भरून घ्या. घाटात जाताना एकतर पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामं करा. खिशात निब वर राहील असं ठेवा, म्हणजे पसरलेली हवा शाईला न ढकलता निबेतून निघून जाते. आट्यांना दुकानात मिळणारं सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकाएवढं लावलं तर तिथून पाझर थांबतो. आणि पेन झटकू नका! पुढच्या बाकावरच्या सदऱ्याची शपथ.

थेंब पडलाच, तर टिपकागद लावा. टिपकागद नसेल तर खडूचा तुकडा थेंबाला नुसता टेकवा. खडूच्या बारीक छिद्रांतून शाई आपोआप वर चढते. निबेच्या चिरेतून शाई टोकाकडे येते तीही याच गुणामुळे.

आई-बाबांसाठी चार ओळी

शाईच्या पेनाचा पहिला महिना डागांचाच असतो. कपड्यावर साधी निळी शाई पडली तर ती वाळण्याआधी गार पाण्याच्या धारेखाली धरावी. बरीचशी निघून जाते. पेन आठ-पंधरा दिवसांनी गार पाण्यानेच धुवावं. गरम पाण्याने स्वस्त प्लॅस्टिक वाकडं होतं. सुट्टी लागली की पेन रिकामं करून, धुऊन, वाळवून ठेवायला मुलांना सांगा. हे काम त्यांचं त्यांनाच करू द्या.

खर्चाचंही बघा. ६० मिलिलिटरची शाईची बाटली आणि २ मिलिलिटर शाई मावणारं पेन असेल, तर एका बाटलीत तीस वेळा पेन भरतं. निब बिघडली तर पुष्कळ साध्या पेनांची निब ओढून काढता येते आणि दुसरी बसवता येते. नळी तीच राहते, आणि तिच्यावरचं नावही.

म्हणून मुलांनो, नाव कोरून घ्यायला आमची मुळीच ना नाही. हौस करायचीच. पण नाव कोरायला दोन मिनिटं लागतात. पेन भरणं, धुणं, निब पुसणं हे वर्षभर करायचं असतं. जे पेन दहावीच्या परीक्षेपर्यंत टिकलं, त्यावरचं नाव थोडं पुसट झालेलं असेल. ते हरवलं तर मात्र सापडणारा मित्र नाव न वाचताच तुमच्या बाकावर आणून ठेवील, कारण ते कुणाचं आहे हे सगळ्या वर्गाला ठाऊक असेल.

यंदा यात्रेला गेलात तर आधी घोडे बघणाऱ्यांजवळ जरा उभे राहा. ते कसे पारखतात ते बघा. आणि मग पेनाच्या दुकानाकडे वळा!