टिकलीएवढा डाग

दिवाळीच्या आधी माळा झाडून होतो, डबे घासून होतात, पंख्याची पातीसुद्धा पुसून होतात. राहतो तो आरशाखालचा खण. यंदा मी तो सरळ जमिनीवर पालथा केला. सनस्क्रीनच्या दोन ट्यूब, तळाला गेलेल्या कोल्ड क्रीमच्या चार डब्या, मला अजिबात न शोभणाऱ्या रंगांच्या तीन लिपस्टिक, लेकीनं बंगळूरहून पाठवलेलं, थेंबाथेंबानं लावायचं सीरम, सुकून खडा झालेली मुलतानी माती आणि एक पिवळट, चिकट मेणाची डबी. "तुझ्या फसलेल्या प्रयोगांचं म्युझियम," असं आमचे हे त्या खणाला म्हणतात. म्हणू देत. मला वापरून बघायची हौस आहे, आणि ती मी कधी लपवलेली नाही.

प्रयोगाची माझी एक पद्धतही आहे. नवीन काही आणलं की ते मी फक्त डाव्या गालाला लावते, उजवा तसाच ठेवते. पंधरा दिवसांनी खिडकीच्या उजेडात दोन्ही गाल ताडून बघायचे. इतक्या वर्षांत माझे दोन गाल वेगळे दिसताहेत असं घरातल्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. आता याचा अर्थ क्रीमं निरुपयोगी होती असा घ्यायचा की घरची माणसं, ते मैत्रिणींनी आपापल्या अनुभवावरून ठरवावं.

माझ्या आईला अशा प्रयोगांची गरज नव्हती. तिचा सगळा साज कल्याणच्या घरातल्या एका फळीवर मावायचा : पावडरचा डबा, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं भांडं धरून पाडलेलं काजळ, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा. लग्नकार्याला तेवढी अफगाण स्नोची बाटली बाहेर निघे. मुंबईच्या ई. एस. पाटणवालांनी १९१९ मध्ये काढलेला हा स्नो. आईच्या दृष्टीनं मात्र तो विलायतीच होता आणि म्हणून बेतानं लावायचा. लॅक्मे १९५२ पासून बाजारात होती, पण आमच्या फळीपर्यंत ती माझ्या पहिल्या पगाराबरोबर पोचली.

मी सावळी. हे मला आरशानं नाही, नातेवाइकांनी सांगितलं. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये आली. मी कॉलेजात असताना एका मैत्रिणीनं तिची ट्यूब मला गुपचूप आणून दिली. डाव्या गालाला महिनाभर लावली. काही फरक नाही. तरीसुद्धा पुढचा महिनाभर दोन्ही गालांना लावली, कारण आशा हा प्रकार गालांवर ताडून बघता येत नाही. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातलं 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं. मुलगी म्हणाली, "बघ आई, सुधारले." आता आमच्याकडे येणाऱ्या स्थळांच्या माहितीतला 'गोरी' हा शब्द कधी सुधारतो, याची मी वाट बघतेय.

पण आज सांगायचंय ते क्रीमांचं नाही. ज्या वस्तूवर मी कधी प्रयोग केला नाही, जी सौंदर्यप्रसाधन आहे हेच मला कधी सुचलं नाही, तिचं सांगायचंय. टिकलीचं.

आमच्या डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात काय मिळत नाही? क्लिपा, पिना, मोजे, सोललेले वाल आणि टिकल्या. दहा रुपयांना पाकीट, मरून रंगाच्या, मधल्या आकाराच्या. वर्षानुवर्षं मी त्याच घेतल्या. सकाळी आंघोळ झाली की टिकली लावायची, रात्री झोपताना काढून बाथरूमच्या टाइलवर चिकटवायची आणि तिचा डिंक संपेपर्यंत तीच वापरायची. उन्हाळ्यात टिकलीखाली खाज यायची. घामानं येत असेल म्हणून दोन बोटांनी खाजवायचं, टिकली बसवायची की निघालं.

२०१९ च्या एप्रिलमध्ये एका रात्री टिकली काढली आणि आरशात बघते तर तिच्या जागी मसुराच्या डाळीएवढा पांढरा डाग. पुसला, जात नाही. दिवा लावून पाहिला, बोटानं ताणून पाहिला. माझ्या पोटात खड्डा पडला. लेकीचं बघायचं चाललं होतं. पुढच्याच रविवारी नाशिकची मंडळी येणार होती.

सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, डाग बघितला, चष्मा काढला आणि हळूच म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस. टिकली जरा मोठी लाव." मी मोठी लावली. नाशिकची मंडळी पोहे खाऊन गेली, माझ्या कपाळाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि तीन आठवड्यांत डागही टिकलीएवढा मोठा झाला.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात 'पांढऱ्या डागावर काहीतरी द्या' म्हणून एक ट्यूब घेतली. चिठ्ठी मागितली नाही त्यांनी, आणली नव्हती मीही. दोन आठवड्यांत डागाभोवतीची कातडी लाल आणि पातळ झाली, बारीक फोड आले, ऊन लागलं की चरचरायला लागलं. डाग होता तिथेच.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. माझ्या लेकीहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल अशी मुलगी. तिनं ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. "काकू, हे स्टेरॉइड आहे. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा नियम आहे याचा. २०१८ मध्ये अशी चौदा स्टेरॉइडं त्या यादीत घातली सरकारनं." स्टेरॉइड वाईटच असतं असं नाही, पण कुणाला, कुठे आणि किती दिवस द्यायचं हे ठरवावं लागतं, असंही तिनं सांगितलं. मग विचारलं, "टिकली कुठली लावता?" मला वाटलं, आता ही फॅशनचं बोलणार. तिनं पाकीट मागितलं. पर्समधलं काढून दिलं. त्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. आत काय घातलंय ते सोडाच, बनवणाऱ्याचा पत्तासुद्धा नव्हता.

काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असतं, असं तिनं समजावलं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना ते मारक ठरतं. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही; ज्यांना होतो त्यांना वर्षानुवर्षं वापरल्यानंतरही होऊ शकतो. घाम आणि घर्षण त्यात भर घालतात. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली, केसांच्या रंगाने, अळित्यानेसुद्धा असे डाग येतात. माझ्या पाठीवर तिनं बारीक पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवस पाठीला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलं. पट्ट्या काढल्या तेव्हा डिंकाच्या रसायनाखालची जागा लाल होऊन उठली होती. बाकीच्या जागा स्वच्छ.

"म्हणजे कोड नाही ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "बाकी अंगावर कुठे काही नाही, तेव्हा हे टिकलीचंच दिसतंय. पण असतं, तरी काय झालं असतं?"

मी काही बोलले नाही. आमच्या ऑफिसात एक बाई होत्या, हातांवर कोड असलेल्या. कोड स्पर्शानं पसरत नाही, हे मला शाळेपासून पाठ होतं. तरी त्यांच्या डब्यातली लसणीची चटणी मी नेहमी चमच्यानं घ्यायची, बाकीच्यांच्या डब्यातली हातानं. त्यांच्या ते लक्षात आलं नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. माझे दोन गाल कुणाला वेगळे दिसले नाहीत. पण डब्यात कोण कसा हात घालतं, ते माणसाला दिसत असणार.

टिकली बंद झाली. डॉक्टरांनी एक मलम दिलं आणि डागावर सनस्क्रीन लावायला सांगितलं, कारण रंग नसलेली कातडी उन्हात लवकर भाजते. तेव्हा मला कळलं की १५ नंबरचं सनस्क्रीन जाळणारे किरण साधारण ९३ टक्के अडवतं, ३० नंबरचं ९७ आणि ५० नंबरचं ९८. म्हणजे नंबरासाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा ते पुरेसं लावणं महत्त्वाचं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. मी आजवर हरभऱ्याएवढं लावत होते. नवीन वस्तू तपासायची पद्धतही तिनं सुधारून दिली : गालावर नाही, कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा, आठवडाभर. खाज आली, लाल झालं, की धुऊन टाकायचं.

रंग परत यायला आठ महिने लागले. आधी डागात टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके उमटले, मग ते एकमेकांत मिसळत गेले. सगळ्यांचा रंग परत येतोच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. माझाही पूर्ण आला नाही. डाव्या कडेला तिळाएवढी जागा अजून पांढरी आहे.

मोकळ्या कपाळानं मी वावरत होते त्या महिन्यांत लोकांनी काय काय विचारलं! लोकलमधल्या एका बाईंनी यांच्या तब्येतीची चौकशी केली. सत्यनारायणाला गेले तर यजमानीण करंडा हातात घेऊन अडखळली. घरी सासूबाई मात्र गप्प होत्या. मोठी टिकली लाव म्हणून आपणच सांगितलं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. एका दुपारी त्यांनी ट्रंकेतून पितळी करंडा आणि मेणाची डबी काढली. मामंजी गेले १९९४ साली. तेव्हापासून ती डबी उघडलेली नव्हती. मेण सुकून भेगाळलं होतं. त्यांनी थेंबभर खोबरेल घालून ते बोटानं मऊ केलं.

"थांबा, आधी कोपरावर लावून बघायला सांगितलंय," मी म्हटलं. बाजारच्या कुंकवातही रासायनिक रंग असतात आणि त्यांनी कपाळ काळवंडतं, हे मला आता ठाऊक झालं होतं.

"मग बघू की," म्हणत त्यांनी माझ्या कोपराच्या आत मेणाचा ठिपका लावला, वर चिमूटभर कुंकू. बोटाला थोडं उरलं होतं. ते कशाला पुसावं अशा विचारानं त्या क्षणभर थांबल्या, मग त्यांनी आपल्याही कोपराला ते लावलं.

"माझंही बघूया काय होतं ते," त्या म्हणाल्या आणि बाही खाली ओढून चहा टाकायला आत गेल्या.