जाहिरातीतला दर आणि जमिनीचा खरा भाव

मोबाईलवर बीदर किंवा कलबुर्गीतील भूखंड शोधू लागले की क्षणार्धात यादी समोर येते. ‘३० बाय ४०’ची छायाचित्रे, चौरस फुटाचा दर, नकाशावरील लाल खूण आणि ‘विमानतळापासून दहा मिनिटे’ असा दिलासा. पुणे, हैदराबाद वा गोव्यात कामधंद्यासाठी स्थिरावलेल्या सीमाभागातील कुटुंबांना गावाकडे जागा घ्यायची असेल, तर बाजारभावाचा पहिला अंदाज आता या यादीवरूनच बांधला जातो. आयुष्यभराची पुंजी ज्या आकड्याच्या भरवशावर बाहेर काढायची, तो आकडा येतो कुठून, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

यादीतील दर हा विक्रीचा दर नसतो. ती विकणाऱ्याची अपेक्षा असते. व्यवहार किती रुपयांना ठरला, हे संकेतस्थळाला कोणी कळवत नाही. विकून गेलेली जागाही यादीत महिनोन्महिने राहते, कारण ती पाहून फोन करणाऱ्याला दुसरी जागा दाखवता येते. संकेतस्थळांचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिराती आणि ग्राहकांचे संपर्क पुरवण्यातून येते. यादी लांबलचक दिसणे त्यांच्या सोयीचे. ती अचूक ठेवणे खर्चाचे.

एकच जागा अनेकदा दिसते, ही दुसरी अडचण. समजा, एका मालकाने आपला भूखंड तीन दलालांना सांगितला आणि त्यांनी तो चौरस फुटाला १५००, १६०० व १८०० रुपये अशा दरांनी टाकला. शेजारचा दुसरा भूखंड १००० रुपयांना उपलब्ध आहे. यंत्र चार नोंदींची सरासरी १४७५ काढते. प्रत्यक्षात भूखंड दोनच आहेत, आणि पहिल्या मालकाची मागणी १५०० धरली तर सरासरी १२५० भरते. बेंगळुरूसारख्या शहरात हजारो नोंदींत असा दोष काहीसा विरून जातो. भालकी, बसवकल्याण किंवा आळंदसारख्या तालुक्याच्या गावी मुळात नोंदीच मोजक्या. तिथे एका दलालाच्या उत्साहाने गावाचा ‘बाजारभाव’ वर चढतो. त्यात नावांचा घोळ वेगळाच. गुलबर्ग्याचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून कलबुर्गी झाले, तरी जुने नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही. एकच जागा दोन्ही नावांखाली टाकली, तर ती दोनदा मोजली जाण्याची शक्यता राहतेच.

गेल्या काही वर्षांत जाहिरातदाराला सांगण्यासारखे पुष्कळ मिळाले. बीदर–कलबुर्गी रेल्वेमार्ग ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला, कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्ये, तर बीदरची नागरी विमानसेवा फेब्रुवारी २०२० मध्ये. बीदरची ही सेवा मध्यंतरी बंद पडली होती. जाहिरातीतील ‘विमानतळाजवळ’ अशा वेळी काही खाली उतरत नाही.

संगणकाने काढलेल्या किमतीवर विसंबण्याचा धोका केवळ सामान्य ग्राहकाला आहे, असेही नाही. अमेरिकेतील ‘झिलो’ ही या क्षेत्रातील बलाढ्य कंपनी स्वतःच्या अंदाजानुसार घरे विकत घेऊ लागली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिला तो व्यवसाय गुंडाळावा लागला. एकाच तिमाहीत हाती असलेल्या घरांचे मूल्य ३० कोटी डॉलरहून अधिक घटवून दाखवावे लागले. माहितीची रेलचेल असलेल्या देशात ही गत.

मग सरकारी आकडा प्रमाण मानावा काय? महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात, त्याला कर्नाटकात मार्गदर्शक मूल्य म्हणतात. ते मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेले किमान मूल्य आहे, बाजारभाव नव्हे. शिवाय शुल्क वाचवण्यासाठी आणि रोखीची रक्कम झाकण्यासाठी खरेदीखतात किंमत कमी दाखवण्याची रीत जुनीच आहे. म्हणजे जाहिरातीतला आकडा फुगलेला, दस्तातला आकसलेला. खरी किंमत या दोहोंच्या मधे कुठेतरी, आणि ती ठाऊक असते फक्त घेणाऱ्याला, देणाऱ्याला व मध्यस्थाला.

दरापेक्षाही गंभीर प्रश्न जागेच्या दर्जाचा. शेतजमीन बिगरशेती न करताच पाडलेल्या भूखंडांना कर्नाटकात ‘रेव्हेन्यू साइट’ म्हणतात. यादीत अशी जागा आणि मंजूर ले-आउटमधील जागा शेजारी शेजारी, एकाच तोऱ्यात उभी असते. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीशिवाय प्रकल्पाची जाहिरात करता येत नाही आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. जाहिरातीतील खोट्या माहितीमुळे नुकसान झाल्यास भरपाईचीही तरतूद आहे. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांपर्यंतच्या जागेवरील प्रकल्पाला ही नोंदणी लागत नाही; स्वतःचा एखादा भूखंड विकणारा मालकही तिच्या कक्षेबाहेर. लहान गावांतील बऱ्याचशा जाहिराती या फटीतूनच येतात.

पडताळणीची साधने वेगळी आहेत. गोव्यातील वाचकाला एक-चौदाचा उतारा परिचित आहे, उदगीर-उमरग्याच्या शेतकऱ्याला सातबारा. सीमेपलीकडे त्याच जागी पहाणीपत्रक, म्हणजे ‘आरटीसी’ असते आणि ते ‘भूमी’ प्रणालीवर ऑनलाइन पाहता येते. बोजा आहे की नाही हे ‘कावेरी’ संकेतस्थळावरील ईसीतून कळते. शहरी हद्दीतील जागेला ई-खाता लागतो. ग्रामपंचायत हद्दीतील जागेची नोंद ‘ई-स्वत्तू’मध्ये पाहावी लागते. ही कागदपत्रे कन्नडमध्ये असतात आणि जाहिरात बहुधा इंग्रजीत. पहाणीवर जमीन अजून शेतीची दिसत असेल, तर जाहिरातीत ‘एनए’ लिहिलेले असले तरी बिगरशेती आदेशाची प्रत पाहिल्यावाचून इसार देऊ नये. जाहिरातीत सर्व्हे क्रमांकच नसेल, तर पडताळणीला सुरुवातसुद्धा करता येत नाही. म्हणून दलालाला पहिला फोन दर विचारण्यासाठी नव्हे, तर तो क्रमांक मागण्यासाठी करावा.