ओट्यावरची जुनी कपाटे उतरवताना

स्वयंपाकघराचे नूतनीकरण ठरले, की पहिला घाव बहुधा ओट्यावरील जुन्या कपाटांवर बसतो. मात्र पहार लावून ती उखडणे म्हणजे भिंतच धोक्यात घालणे होय. सदनिकांमधील आतल्या भिंती पुष्कळदा जेमतेम साडेचार इंची असतात. घावांनी त्यांना तडे जातात, फरशा निखळतात आणि गिलाव्याआडची विजेची तार वा पाण्याची नळी दुखावण्याचीही भीती असते.

म्हणूनच कपाट ज्या क्रमाने बसवले, त्याच्या उलट क्रमाने उतरवणे हिताचे. प्रथम ते रिकामे करावे, मेन स्विच बंद करावा आणि सिलिंडर दूर ठेवावा. पाइप गॅसची नळी आड येत असल्यास ती गॅस कंपनीच्या माणसाकडूनच हलवून घ्यावी. मग दारे व फळ्या काढल्या, की भार हलका होतो. कपाट व भिंत यांच्या सांध्यातील रंगाचा थर सुरीने कापावा. अन्यथा गिलाव्याचे पोपडे सुटून येतात.

खरी जोखीम यापुढे असते. भिंतीतले लाकडी गट्टू ओलीने कुजलेले वा वाळवीने पोखरलेले असल्यास एखादा स्क्रू सुटताच सारे कपाट कोसळू शकते. यासाठी ओट्यावरून भक्कम टेकू द्यावा आणि दोघांनी कपाट धरावे. शेजारच्या कपाटाशी जोडणारे स्क्रू आधी सोडवावेत, मग भिंतीतले खालचे आणि सर्वांत शेवटी वरचे.

उरलेली भोके सिमेंट-वाळूने बुजवून काही दिवस पाणी मारावे. ओल वा वाळवी आढळल्यास मात्र तिचा बंदोबस्त झाल्याखेरीज नवी कपाटे चढवू नयेत.