सिस्टीम बदलली तरी जुनं सॉफ्टवेअर बाद होत नाही

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित सपोर्ट थांबवला. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज 11 चढत नाही, म्हणून अनेकजण विंडोजऐवजी लिनक्स या मोफत सिस्टीमचा विचार करू लागले. कळमेश्वरच्या बाजारातलं डीटीपी सेंटर असो की एमआयडीसीतलं हिशोबाचं टेबल, प्रश्न एकच: पेजमेकर, कृतिदेव आणि श्री-लिपीचे फॉन्ट, जुनं बिलिंग, यांचं काय होणार? या प्रश्नाभोवती बरेच गैरसमज फिरतात.

गैरसमज : सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडणार.
वस्तुस्थिती : मशीन चालतच राहतं. थांबतात ती सुरक्षेची अपडेट्स. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षेची सोय 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत ठेवली होती. त्यानंतर धोका आहे तो इंटरनेटला जोडलेल्या मशीनला. केवळ छपाईचं काम करणारं, नेट काढलेलं मशीन घाईने बदलायचं कारण नाही.

गैरसमज : लिनक्सवर विंडोजचं काहीच चालत नाही.
वस्तुस्थिती : वाइन नावाचं मोफत सॉफ्टवेअर 1993 पासून विकसित होत आहे. विंडोजच्या प्रोग्रॅमने केलेल्या मागण्या ते लिनक्सला समजतील अशा करून देतं. डॉसवरच्या जुन्या फॉक्सप्रो बिलिंगसाठी डॉसबॉक्स आहे. उलट विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येतं आणि डॉसचे, 16 बिटचे प्रोग्रॅम तिथे थेट सुरूच होत नाहीत. म्हणजे विंडोजवरच राहिलो की सगळं जुनं चालेल, हाही भ्रमच.

गैरसमज : मग वाइन टाकलं की झालं.
वस्तुस्थिती : नाही. ज्या सॉफ्टवेअरला डोंगल लागतो, किंवा ज्या कामाला डिजिटल सहीचं टोकन अथवा बोटांचे ठसे घेणारं यंत्र लागतं, तिथे ड्रायव्हरचा प्रश्न येतो आणि वाइन बरेचदा अडतं. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर उभा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पूर्ण विंडोज टाकून त्यात ते सॉफ्टवेअर चालवावं. यूएसबीचा डोंगल त्यातून जोडता येतो, तरी आधी करून पाहावं. त्या विंडोजलाही परवाना लागतो, हे विसरू नये. आतल्या विंडोजचं नेट बंद ठेवलं तर जुनेपणाचा धोकाही आटोक्यात राहतो.

गैरसमज : नव्या मशीनवर फाईल उघडली आणि इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, म्हणजे मजकूर गेला.
वस्तुस्थिती : मजकूर जागेवरच असतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द फाईलमध्ये ई, जे, के, बी, एच या पाच इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. फॉन्ट त्या अक्षरांवर म, र, काना, ठ, वेलांटी चढवतो. फॉन्ट नसला की खालची अक्षरं उघडी पडतात, तोच फॉन्ट टाकला की मराठी परत दिसते. युनिकोडमध्ये मात्र देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत, म्हणून तो मजकूर कोणत्याही सिस्टीमवर वाचता येतो. कृतिदेवचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी बदलल्यानंतर डोळ्यांनी तपासलीच पाहिजेत. लग्नपत्रिकेत आजोबांचं नाव चुकलं तर दोष कन्व्हर्टरला देऊन चालत नाही.

गैरसमज : पेजमेकरची फाईल आहे, म्हणजे काम सुरक्षित आहे.
वस्तुस्थिती : पेजमेकरची शेवटची आवृत्ती 7.0 आली 2001 मध्ये. ती फाईल उघडणारं मशीन आज आहे, उद्याचा भरवसा नाही. म्हणून जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवरच महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ काढा, मजकूर युनिकोडमध्ये उतरवा आणि फॉन्ट, सेटअपची सीडी, सिरियल नंबर एका जागी ठेवा.

गैरसमज : लिनक्स बघायचं तर आधी विंडोज पुसावं लागतं.
वस्तुस्थिती : पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहता येतं, हार्डडिस्कला हात लागत नाही. प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग तिथेच तपासून घ्या. इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये असतोच.

सॉफ्टवेअर दुसरं मिळेल, वीस वर्षांचा मजकूर पुन्हा मिळणार नाही. म्हणून आधी बॅकअप, मग प्रत्येक कामाची चाचणी आणि त्यानंतरच बदल. शेवटची फाईल नव्या मशीनवर उघडून, छापून पाहिल्याशिवाय जुना डबा भंगारात देऊ नका.